मदत हवी आहे: लॅब्राडोरला गावी पुरावं की पुण्यातच दहन करावं?

केतकी

नमस्कार. आमची लॅब्राडोर १३ वर्षांची आहे, वजन ३१ किलो. दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्या आहेत. डॉक्टरांनी काल स्पष्टच सांगितलं, आठ-दहा दिवस, फार तर पंधरा. त्रास वाढला तर झोपेचं, म्हणजे दयामरणाचं, इंजेक्शन द्यायचा विचार करून ठेवा, असंही म्हणाले.

आम्ही पुण्यात सहाव्या मजल्यावर राहतो. सासूबाईंचं म्हणणं, तिला गावी संगमेश्वरजवळ आमच्या परड्यात आंब्याखाली पुरायचं. दर मे महिन्यात ती त्याच आंब्याखाली पसरलेली असायची. नवरा म्हणतो, भर पावसात एवढं लांब न्यायला नको, इथेच दहन करू. मला दोघांचंही पटतं, म्हणून काहीच ठरत नाही.

परिस्थिती अशी: गावी जायला सहा-सात तास. जमीन जांभ्याची. विहीर आंब्यापासून ३५-४० फुटांवर, उताराच्या खालच्या बाजूला, आणि तिचं पाणी आम्ही पितो. जुलै लागतोय. सोसायटीच्या बागेत पुरता येईल का, असंही एकाने सुचवलं. ज्यांना यातलं नीट माहीत आहे त्यांनी कृपया सांगा. वेळ हातात आहे तोवर ठरवायचं आहे.

जांभा_चिरा

केतकीताई, तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य विहिरीचं आहे. आंबा वर आणि विहीर खाली, तीही ४० फुटांवर. या जागी पुरू नका.

जांभा भोकाभोकांचा दगड. पावसाचं पाणी त्यातून गाळल्यासारखं नाही, नळीतून गेल्यासारखं उतरतं. काळ्या मातीत जे झिरपायला वेळ लागतो, ते जांभ्यात पटकन विहिरीपर्यंत पोचतं. ३० किलोच्या देहातून पहिल्या काही आठवड्यांत बराच द्रव बाहेर पडतो. पिण्याच्या विहिरीपासून किमान १०० फूट अंतर हवं, आणि खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला हवा. अंतरापेक्षाही उतार आधी बघायचा.

परड्यात विहिरीखालच्या बाजूला दुसरी जागा निघत असेल तर अशी तपासा. गावातल्या कुणाला पाच फूट खणायला सांगा आणि खड्डा एक रात्र उघडा ठेवा (वर फळ्या टाका, गुरं-माणसं पडायला नकोत, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून ताडपत्री घाला). सकाळी तळाशी पाणी साठलेलं दिसलं तर ते खालून आलेलं आहे, जागा बाद. जुलैत कोकणात बहुतेक ठिकाणी हेच होतं. पाणी भरलेल्या खड्ड्यात देह कुजत नाही तसा, फुगतो, आणि वरची माती सैल असेल तर उचलला जातो. घरच्यांना ते बघायला लागणं फार वाईट.

दुसरी अडचण खणण्याची. वरची माती दीड-दोन फूट, मग चिरा, म्हणजे घट्ट जांभा, लागतो. पहार आणि टिकाव घेऊन दोन माणसांचा जवळजवळ अख्खा दिवस जातो. मग दमून लोक अडीच फुटांवर थांबतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कोल्हे किंवा गावातली कुत्री उकरतात. देहाच्या वर किमान तीन फूट माती बसली पाहिजे, म्हणजे लॅब्राडोरसाठी खड्डा साडेचार फूट खोल, तीन फूट लांब, अडीच फूट रुंद. ही लांबी पाय मुडपून ठेवले तरची. ताठ राहिले तर साडेचार फूट लांबी लागते.

आंब्याच्या बुंध्याजवळ एवढं खणणं आंब्यालाही मानवत नाही. जाड मुळं तुटतात आणि पावसाळ्यात तिथून बुरशी शिरते.

डॉ_पशुवैद्य

ताई, आधी इंजेक्शनबद्दल, कारण पुरायचं की नाही हे त्यावरही ठरतं.

झोपेच्या इंजेक्शनसाठी बहुधा थायोपेंटोन किंवा पेंटोबार्बिटल वापरतात. ही बार्बिट्युरेट गटातली औषधं देहात तशीच राहतात, आणि पेंटोबार्बिटल मातीत वर्षभराहूनही जास्त काळ टिकल्याचं आढळलं आहे. असा देह उथळ पुरला आणि एखाद्या कुत्र्याने किंवा कोल्ह्याने उकरून खाल्ला तर तोही बेशुद्ध पडतो, मरतो. तुमच्या डॉक्टरांना औषधाचं नाव आधीच विचारा. बार्बिट्युरेट असेल तर माझं मत सरळ आहे: दहन. भट्टीच्या तापमानात ते उरत नाही.

किडनी कशाने गेली तेही विचारून घ्या. म्हातारपणाने असेल तर संसर्गाची भीती नाही. लेप्टोस्पायरोसिसने असेल तर मूत्रातून जंतू माणसाला लागतात, विशेषतः हाताला जखम असेल तर. मग हातमोजे घालूनच आवरा, आणि फरशी एक भाग घरगुती ब्लीच, दहा भाग पाणी याने पुसून दहा मिनिटं ओली राहू द्या.

आता त्या वेळी काय करायचं ते. घरात घडलं तर गोंधळ उडतो, म्हणून आधी वाचून ठेवा.

श्वास थांबल्यावरही एक-दोनदा तोंड उघडून श्वास घेतल्यासारखं होऊ शकतं, पायाचे स्नायू थरथरतात. ती परत आली असं समजून हलवू नका. डाव्या कोपराच्या मागे बोटं ठेवून ठोका बघा, डोळ्याच्या बुबुळाला हलकं बोट लावून पापणी हलते का बघा. खात्री डॉक्टरांनीच करावी. डोळे मिटत नाहीत, ते स्वाभाविक आहे, जबरदस्ती करू नका.

पुढच्या तासाभरात पुढचे आणि मागचे पाय पोटाशी मुडपून, मान किंचित वळवून, ती झोपते तशी ठेवा. अंग दोन-तीन तासांत कडक होऊ लागतं, उकाड्यात त्याआधीही. कडक झाल्यावर सरळ पाय सहज मुडपत नाहीत, जबरदस्ती करू नका. ते सैल व्हायला एक-दीड दिवस लागतो, आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नाही.

शेपटीखाली रुग्णांसाठी मिळतं ते अंडरपॅड दुहेरी घाला, तोंडाखाली एक टॉवेल. मूत्राशय आणि आतडी सैल सुटतात. उचलताना नाकातोंडातूनही थोडं पाणी येतं, म्हणून डोकं धडापेक्षा वर धरा. ३१ किलो एकट्याने उचलू नका. जाड चादरीची झोळी करून दोघांनी उचला. लिफ्टमध्येही सोपं जातं.

बर्फ पोटाला सगळ्यात जास्त हवा, कारण कुजणं आतड्यांपासून सुरू होतं. लिटरच्या आठ बाटल्या आजच फ्रीझरमध्ये भरून ठेवा. चार पोटाखाली, दोन जांघेत, दोन मानेशी, मध्ये पातळ टॉवेल. तीन-चार तासांनी बदला. सुटा बर्फ नको, पाणी अंगाखाली साठून कातडी लवकर सुटते. एसी १८ वर. असं केलंत तर १२ तास नीट जातात. नाही केलंत तर या हवेत सहा-सात तासांत पोट फुगायला लागतं.

म्हणजे गावी न्यायचं तर रात्री गेली तरी रात्रीच निघावं लागेल. घाटात दरड पडून रस्ता अडला तर पुढचं सगळं बिघडतं. बंद गाडीत ड्राय आइस अजिबात नको, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, माणसं गुदमरतात.

केतकी

दोघांचे मनापासून आभार. विहिरीचा उतार कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. दोन शंका उरल्या. सोसायटीची बाग? आणि सासूबाई म्हणतात की पाच किलो खडे मीठ घातलं की काही होत नाही, बैलाला पुरताना घालतातच.

मातीवाला

सोसायटीची बाग पार्किंगच्या स्लॅबवर आहे का, ते आधी बघा. पुण्यातल्या नव्या इमारतींत बहुधा असतेच. तिथे माती दोन-तीन फूट, खाली वॉटरप्रूफिंगचा थर, त्याखाली गाड्या. पहार लागली की गळती सुरू. खऱ्या जमिनीवरची बाग असली तरी ती सगळ्यांची आहे, कमिटीची लेखी परवानगी हवी आणि खालून ड्रेनेज, पाण्याची लाइन, केबल कुठून जाते त्याचा नकाशा हवा. टेकडीवर किंवा ओढ्याकाठी गुपचूप नेऊन पुरणारे असतात. टेकडी बऱ्याच ठिकाणी वनखात्याची, ओढ्याला पूर येतो, आणि दोन्हीकडे डुकरं-कुत्री उकरतात. ते नको.

मिठाचं. सासूबाई म्हणतात ती पद्धत खरी आहे, गावोगाव आहे. पण मीठ देह लवकर मातीत मिळवत नाही, उलट करतं. पाणी शोषतं, वास कमी करतं आणि कुजणं लांबवतं, जसं सुकटीचं होतं. वर्षभराने तिथे कशासाठी खणलं तर देह बराच तसाच सापडू शकतो. शिवाय मीठ पावसात उतरून आंब्याच्या मुळांशी जातं, पानांच्या कडा करपतात, आणि तुमच्या बाबतीत विहिरीकडेही जातं. उकरायला येणाऱ्या जनावरांना ते थोपवत नाही. चुन्याचंही तसंच, वास दाबतो पण कुजणं मंदावतो. कळीचा चुना तर ओल लागली की तापतो, हात भाजतात.

ज्यांच्याकडे योग्य जागा आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवतो: देह जुन्या सुती साडीत किंवा चादरीत गुंडाळायचा. प्लास्टिक, रेक्झिन, नायलॉनचं ब्लँकेट नाही. पट्टा, स्वेटर काढायचा. माती फूटभर टाकली की पायाने दाबायची, पुन्हा फूटभर. वरून फूटभर खाली चपट्या दगडांचा किंवा चिऱ्यांचा थर द्यायचा, देहावर थेट दगड ठेवायचे नाहीत. सगळ्यात वर नऊ इंच उंचवटा ठेवायचा, कारण पहिल्या पावसात माती बसते आणि खळगा पडून पाणी साठतं. वर बोरी-बाभळीच्या काट्या महिनाभर. देशावरच्या काळ्या मातीत आणखी एक होतं: उन्हाळ्यात जमिनीला भेगा जातात, हात जाईल एवढ्या, आणि वास वर येतो. तिथे खोली पाच फूट धरा आणि भरताना मुरूम मिसळा. झाड त्याच जागी लगेच लावू नका, कुजताना सुटणाऱ्या अमोनियाने कोवळी मुळं जळतात. दोन-तीन फूट बाजूला लावा, किंवा वर्ष जाऊ द्या.

मांजर, ससा, पोपट असेल तर हे सगळं खूप सोपं आहे, तीन-साडेतीन फुटांत भागतं. ३१ किलोचा प्रश्न वेगळा.

बकुळ

दहनाबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून.

पाळीव प्राण्यांची भट्टी गॅसवर किंवा विजेवर चालते, साधारण ८०० ते १००० अंशांवर. ३० किलोच्या कुत्र्याला दीड-दोन तास लागतात, थंड होऊन राख हातात यायला आणखी वेळ. मुंबईकरांसाठी: मालाडला महापालिकेची पाइप गॅसवरची दहनभट्टी २०२३ पासून आहे, क्षमता तासाला ५० किलो. पुण्यासाठी महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला आणि तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करून ठेवा. भट्टी चालू आहे का, रविवारी आणि रात्री असते का, वजनाची मर्यादा किती. भट्टी दुरुस्तीला बंद असणं नवीन नाही, म्हणून दोन ठिकाणचे नंबर लिहून फ्रिजवर लावा. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला, तुमचं ओळखपत्र आणि कुत्र्याचा परवाना एका पाकिटात ठेवा.

फोनवर एक प्रश्न नेमका विचारा: एका वेळी एकच प्राणी ठेवता का? ‘राख मिळेल’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. सामूहिक दहनात राख मिसळलेली असते. काही ठिकाणी एकाच भट्टीत अंतर ठेवून दोन-तीन देह ठेवतात, त्यात थोडी मिसळतेच. एकटीचं हवं असेल तर तसं पावतीवर लिहून घ्या आणि आत ठेवताना समोर उभं राहू देतात का तेही विचारा.

सोबत काय ठेवायचं: सुती कापड, फुलं, चिमूटभर तूप चालतं. रबरी चेंडू, प्लास्टिकची खेळणी, रेक्झिनचा पट्टा नको, धूर विषारी होतो आणि वितळलेलं राखेत चिकटून बसतं. बॅटरीवाला ट्रॅकर लावलेला असेल तर तो आवर्जून काढा, भट्टीत फुटतो. पायात कधी प्लेट-स्क्रू बसवले असतील तर ते राखेत निघतात, आधी सांगून ठेवा.

गावी स्वतः चिता रचायचा विचार कुणी मांडला तर पावसात नको. माणसाच्या चितेला तीनशे किलोच्या पुढे लाकूड लागतं. कुत्रा लहान म्हणून दहा-वीस किलोत होत नाही. ओल्या लाकडावर देह अर्धवट राहतो.

राख वजनाच्या तीन-चार टक्के, म्हणजे तुमच्याकडे साधारण एक किलो. ती जंतुरहित असते. ही राख आंब्याखाली न्या, ताई. विहिरीची अडचण नाही, पाऊस थांबायची वाट बघता येते, आणि सासूबाईंना हवी ती जागाही मिळते.

केतकी

हे वाचून सासूबाईंना दाखवलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आंब्याखाली येणार ना, मग चालेल. दहन इथेच करायचं ठरतंय. राख तशीच मातीत टाकायची का?

बकुळ

नुसती एका जागी ओतू नका. हाडांची राख खूप अल्कली असते आणि त्यात क्षारही असतात, सगळी एकाच मुळाशी गेली तर मुळांना अपाय होतो. एक किलो राखेला दोन-तीन घमेली माती आणि एक घमेलं जुनं शेणखत नीट मिसळा. कोकणातली माती मुळात आम्ल आहे, त्यामुळे एवढं सहज सोसते. बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या सावलीच्या कडेकडेने, फूटभर खोल चर काढून पसरा. दिवाळीच्या सुमारास जा, माती ओली असते पण चिखल नसतो. तोवर राख कोरड्या मडक्यात किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ओल लागली की खडे होतात.

डॉ_पशुवैद्य

आणखी एक, आणि हे आजच करा, नंतर करता येत नाही. पंजाचा ठसा हवा असेल तर ती जिवंत असतानाच घ्या. आता गणपतीच्या कारखान्यांत शाडू मिळतो, अर्धा किलो पुरे. पोळीपेक्षा जाड, पाऊण इंच थापा. पंजा कोमट पाण्याने पुसून, बोटांमधले केस कातरून, ती कुशीवर पडलेली असताना माती पंजाकडे न्या. पंजा मातीकडे ओढू नका, तिला दुखेल. एकदाच सरळ दाबा आणि सरळ काढा. सावलीत चार-पाच दिवस सुकवा, उन्हात ठेवलात तर तडकतो. कणकेचा करू नका, या हवेत बुरशी धरते आणि मुंग्या लागतात. कातरलेले केस टाकू नका, कागदाच्या पुडीत ठेवा.