तंद्री लागते तेव्हा: तुमचे अनुभव सांगा

काल चर्चगेटवरून विरार फास्ट पकडली, चक्क विंडो सीट मिळाली, बोरिवलीला उतरायचं होतं आणि भानावर आले तेव्हा भाईंदरच्या खाडीचा पूल लागला होता. हसू नका, कारण त्या तंद्रीत तीन दिवस अडलेला ड्युटी रोस्टर सुटला, आणि मी रोस्टरचा विचारच करत नव्हते, भाचीच्या लग्नात कुणाला कुठल्या पंगतीला बसवायचं ते मनात लावत होते. रुसणाऱ्यांना आधी बसवायचं! नाइटवाल्यांचंही तेच. तुमचं झालंय असं कधी?

खडूफळा: परळला केमिस्ट्री शिकवते. केकुले या जर्मन केमिस्टला बेन्झीनच्या रेणूची रचना सुचवणारा, स्वतःची शेपटी धरणारा स्वप्नातला साप सगळ्यांना माहितेय, पण मी पोरांना बसचा किस्सा सांगते. लंडनला रात्रीच्या शेवटच्या घोडाबसने क्लॅपहॅमला जाताना त्याला डोळ्यांसमोर अणू नाचताना दिसले, जोड्या करताना, साखळी धरताना, तेवढ्यात कंडक्टर स्टॉपचं नाव ओरडला आणि हा जागा. घरी जाऊन रात्री कागदावर काढलं. हे त्याने स्वतः १८९० मध्ये भाषणात सांगितलं, आता मीठमसाला किती देव जाणे. पण त्याआधी संध्याकाळभर तो मित्राशी केमिस्ट्रीच बोलत होता, ते कुणी सांगत नाही. डोक्यात काही घातलंच नसेल तर तंद्रीत काय डोंबल दिसणार?

चौथी सीट: माझं मन भटकतं ते थेट ईएमआयवर. २०१० मध्ये किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी फोनवरून लोकांना मधेच विचारलं होतं, आत्ता मन कुठेय, तर जवळजवळ ४७ टक्के वेळा भलतीकडेच, आणि तेव्हा माणसं कमी खूश. मला पटलं बुवा.

खडूफळा: चौथी सीट, ती काळजी झाली हो. जेरोम सिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने प्रकारच वेगळे केलेत, मजेत मनोराज्य करणं वेगळं आणि अपराधी वाटून, भीतीने तेच तेच उगाळणं वेगळं.

गॅलरीतली: आमचा दुसरीतला. डायरीत शेरा, 'वर्गात लक्ष नसते'. काल गॅलरीत ग्रिलला गाल लावून अर्धा तास बसला होता, गालावर जाळीचे चौकोन उमटलेले. न राहवून विचारलं, काय रे, कसला एवढा विचार? म्हणाला, "आत्ताच होता. तू बोललीस, गेला."