पीएचडीला स्त्रियांचा इतिहास घ्यावा का? सल्ला हवाय

शाल्मली_:
पुण्यात एमए (इतिहास) होत आलंय. सर म्हणतात, मराठ्यांचं प्रशासन घे, कागद भरपूर आहेत. 'बायकांच्या विषयाला' साधनं कुठून आणशील? पण मी अडकलेय ताराबाई शिंद्यांपाशी. बुलढाण्याची ही बाई 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापते, जोतीराव फुले तिची बाजू घेतात. पुढे पुस्तक जे विस्मरणात जातं ते 1975 साली स. गं. मालश्यांनी पुन्हा काढेपर्यंत! इतकं जळजळीत लिहिणारं माणूस गप्प का झालं असेल? मला हेच शोधायचंय. घेऊ का?

जुना_दफ्तरी:
घ्या. आणि सरांना म्हणावं, पेशवे दफ्तरात चला. कुणबिणींची (म्हणजे दासींची) खरेदी-विक्री, बदअमलाचे (व्यभिचाराचे) दंड, विधवांचे वतनाचे तंटे, हे सगळं त्यांच्या त्या प्रशासनाच्याच रुमालांत, म्हणजे कागदांच्या गठ्ठ्यांत, बांधलेलं आहे. मोडी लिपी मात्र आत्तापासून शिका. अक्षरं ओळखता आली म्हणजे कारकुनाची घाईची मोडी वाचता येते असं नाही. आणखी एक: या कागदांत बाई येते ती दंड, विक्री नाहीतर भांडण असेल तेव्हाच, आणि लेखणी कारकुनाची असते. तिचा जबाब म्हणजे तिचेच शब्द, असं धरून चालू नका.

मीनल_ठाणे:
विषय घ्या, पण नुसत्या ताराबाई नकोत. एका पुस्तकावर प्रबंध ओढूनताणून होतो, मग लोक 'आद्य स्त्रीवादी' म्हणून आरत्या ओवाळत बसतात. ताराबाईंनी लेखणी उचलली ती सुरतेच्या 1881 च्या विजयालक्ष्मी खटल्यावरून. विधवा, मूल मारल्याचा आरोप, आधी फाशीची शिक्षा. त्यावरून 'पुणेवैभव' या वर्तमानपत्राने सगळ्या स्त्रीजातीलाच धुतलं. लगेच 1884 पासून रखमाबाईंचा खटला: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. शेवटी 1888 साली तडजोड. आपल्याकडची छापील वर्तमानपत्रं कोर्टात उभ्या बाईबद्दल काय बोलत होती? याला कोर्टाचे कागदही मिळतील आणि अंकही.
अगदीच कागद नकोत तर उर्मिला पवार-मीनाक्षी मून यांच्यासारखं करा. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना त्यांनी गाठून विचारलं, म्हणून 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. पण हे काम पुढे ढकलता येत नाही, माणसं म्हातारी होतात.

नेटग्रस्त:
रुक्ष मुद्दा. पदवी इतिहास विभागातूनच घ्या. नेटला (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला) वुमन स्टडीज हा वेगळा विषय आहे, आणि इतिहासाच्या जागेला सहसा इतिहासाचीच नेट विचारतात.

शाल्मली_:
मीनलताई, म्हणजे 1881 ते 1888, हे दोन खटले आणि मराठी वर्तमानपत्रं? हे सरांनाही नाकारता येणार नाही. ताराबाई एका प्रकरणात येतीलच. मोडी लागेल का यात?

मीनल_ठाणे:
छापील वर्तमानपत्रांना नाही, तेव्हा बाळबोधच (म्हणजे देवनागरी) छापत. इंग्रजी अंक मात्र सोडू नका. रखमाबाईंनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'अ हिंदू लेडी' या नावाने पत्रं लिहिली होती. तिथे कारकून नाही, बाई स्वतः बोलतेय.

जुना_दफ्तरी:
तरी मोडी शिकाच.