ऑनलाइन पदवी म्हणजे ‘लोळत पडून मिळवलेला कागद’?

रात्रपाळीवाला, डोंबिवली
परवा इथे एका निवृत्त सरांनी लिहिलं, “ऑनलाइन पदवी म्हणजे लोळत पडून मिळवलेला कागद.” डोक्यात गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी अंधेरीला नोकरी करून ऑनलाइन बीकॉम करतोय. लेक्चर घरच्या वायफायवर उतरवून ठेवतो आणि गाडीत उभ्याने ऐकतो. लाइव्ह लावलं तर मध्येच आवाजच जातो. असाइनमेंट मुदतीत चढवली नाही तर पोर्टल बंद. परीक्षेत कॅमेरा चालू, नजर जरा हलली की स्क्रीनवर ताकीद. यात लोळायचं कधी? मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 मध्येच स्पष्ट केलंय.

जुना मास्तर
ते मीच लिहिलं आणि त्यावर ठाम आहे. बरोबरी कागदावर झाली. पोराला कळलं की नाही, हे मला वर्गात चेहऱ्यावरून समजायचं. 2020 मध्ये लॉकडाऊनला ऑनलाइन शिकवताना मुलांचे कॅमेरे बंद, मी काळ्या चौकोनांशी बोलत होतो. हजेरी पूर्ण, प्रश्न विचारला की शांतता! आणि आता एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून घेता येतात. उद्या संस्था म्हणतील, शिक्षक कशाला भरायचे?

सीएचबीवाली
उद्या कशाला सर, आजच म्हणतात. मी नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झालेय, तरी तासिका तत्त्वावर (सीएचबी), म्हणजे तासाच्या मानधनावर, दोन कॉलेजांत पळतेय. सुट्टीचे पैसे नाहीत. लॉकडाऊनमध्ये एका कॉलेजने माझी लेक्चरं रेकॉर्ड करून घेतली. मानधन एकदाच दिलं, व्हिडिओ अजून मुलांना दाखवतात. माझ्याच आवाजाने माझे तास कमी केले!

जुना मास्तर
मग तुम्ही माझ्याच बाजूच्या झालात.

सीएचबीवाली
अजिबात नाही. तुम्ही पूर्ण पगारावर निवृत्त झालात. तुमच्या काळात आम्हाला स्टाफरूममध्ये खुर्चीसुद्धा मिळत नव्हती, तेव्हा कुठे होता हा कळवळा? राग ऑनलाइनवर काढू नका, भरती रोखणाऱ्यांवर काढा.

जुना मास्तर
वैयक्तिक होऊ नका, ताई. मोर्चात मीही चाललोय.

ठाकुर्लीची आई
पगाराचं भांडण वेगळ्या धाग्यावर घ्या ना! माझी मुलगी बीएस्सीला होती. पहिलं वर्ष लॉकडाऊनमुळे मोबाइलवर गेलं, टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण मिसळायचा प्रयोग) व्हिडिओत बघितलं. प्रयोगशाळेत ब्युरेटची, म्हणजे द्रावण सोडायच्या काचेच्या नळीची, तोटी पहिल्यांदा हातात आली तेव्हा थेंब कुठे थांबवायचा ते कळेना, द्रावण फिकट व्हायच्या जागी भडक गुलाबी. बाई ओरडल्या. रडत घरी आली. यात तिची काय चूक?

रात्रपाळीवाला
काकू, प्रयोगाचं मान्य. म्हणून तर इंजिनिअरिंग, मेडिकल ऑनलाइन करायला यूजीसी परवानगीच देत नाही. पण अकाउंट्सला कुठला ब्युरेट लागतो? मुंबई विद्यापीठ 1971 पासून दूरस्थ शिकवतंय, नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 चं. पोस्टाने पुस्तकं मागवून शिकलेली माणसं आज बँकांत साहेब आहेत. त्यांना कुणी लोळणारे म्हटलं नाही. आम्ही गाडीत लटकून शिकतो तर आम्हालाच का?

जुना मास्तर
बरं, नोकरी करून शिकणाऱ्यांपुरता ‘लोळत’ हा शब्द मागे घेतो. अठरा वर्षांच्या पोराला मात्र घरी बसवून पदवी देऊ नका, हे म्हणणं कायम.

सीएचबीवाली
शब्द राहू द्या. तुमच्या संघटनेत सीएचबीवाल्यांना सभासद करून घ्या, रेकॉर्डिंगचं मानधन दरवर्षी मिळावं असा ठराव मांडा. मग बोलू.