हा लाँगला बोटीवर रात्र काढावी का? (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

शिंदे बी-५०३, ९.१२
सुप्रभात मंडळी. सोसायटीचा विषय नाही, आधीच माफी मागतो. नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही पाच जण व्हिएतनामला चाललोय. आई-बाबा, आम्ही दोघं आणि लेक, वय ९. हनोईत चार रात्री आहेत. एजंट म्हणतो त्यातली एक 'हा लाँग बे' नावाच्या खाडीत बोटीवर काढा, माणशी बारा-तेरा हजार. सकाळी हनोईहून जाऊन रात्री परत असंही होतं, ते बरंच स्वस्त. कोणी गेलंय का? आईचे गुडघे दुखतात आणि बाबांना बोट लागते, हे धरून सांगा.

देसाई सी-४०४, ९.२०
आम्ही दिवसाची केली होती. जाताना अडीच तास बस, येताना अडीच तास बस, मध्ये मोत्यांच्या दुकानात थांबायचंच थांबायचं. बोटीवर चार-पाच तास, त्यातला एक जेवणात गेला. पाण्यात डोंगर होते, छान होते. फोटो वर्षभर स्टेटसला पुरले. झोपायला कशाला तेवढे पैसे?

कुलकर्णी काका ए-१०४, ९.२३
*फॉरवर्डेड*
अवश्य वाचा! चिमुकल्या व्हिएतनामने बलाढ्य अमेरिकेला कसं हरवलं? उत्तर एकच, छत्रपती शिवरायांचा गनिमी कावा! त्यांच्या राष्ट्राध्यक्षाच्या समाधीवर लिहिलं आहे, "शिवरायांचा एक मावळा इथे विसावला"... पुढे वाचा

सचिव सी-३०१, ९.२५
आज ११ ते १ टाकी धुण्याचं काम आहे. पाणी बंद राहील. बी विंगने भरून ठेवावे, मागच्या वेळेसारखं मला फोन करू नये.

रानडे वहिनी ए-२०१, ९.४१
शिंदे, आम्ही गेल्या नोव्हेंबरात सासूबाईंना घेऊन गेलो होतो. वय ७४. एक रात्र कराच. दोन नको, नुसता दिवस अजिबात नको. देसाईंचा हिशेब बरोबर आहे, पण त्यातूनच उत्तर निघतं. बसचे पाच तास तुम्हाला दोन्हीकडे सारखेच लागणार. मग बोटीवर पाच तास हवेत की बावीस?

सकाळी आठला हनोईतून गाडी निघते. साडेबाराला बोटीवर चढलात की जेवण, मग गुहा, मग छोट्या होड्या, आणि दुसऱ्या दिवशी साडेदहा-अकराला उतरवतात. चार वाजेपर्यंत परत हनोई. कागदावर दोन दिवस एक रात्र, प्रत्यक्षात बोटीवर एका दिवसापेक्षा थोडं कमीच.

पण खरी गंमत कार्यक्रमपत्रिकेत नसते. दुपारी चार-साडेचारनंतर दिवसाच्या बोटी परत फिरतात. सगळे भोंगे बंद. बोट नांगर टाकते आणि तिथेच उभी राहते, रात्रभर कुठेही जात नाही (हे एजंट सांगत नाही, आमच्या ह्यांना वाटलं होतं रात्री प्रवास होईल!). डोंगर आधी हिरवे, मग निळे, मग नुसत्या एकामागे एक करड्या पट्ट्या. सासूबाई खुर्चीवर बसल्या त्या दोन तास उठल्या नाहीत. जपाची माळ हातात होती, पण मणी पुढे सरकत नव्हते.

शिंदे बी-५०३, ९.४४
वहिनी, बोट लागायचं काय?

रानडे वहिनी ए-२०१, ९.४६
लागत नाही हो. सासूबाईंना भाऊच्या धक्क्यावरून निघालं की लिंबू लागतं. तिथे पर्समधला आलेपाक तसाच परत आला. चहाच्या कपात तरंग उठला नाही.

भोसले सर बी-२०२, ९.५५
याचं कारण सोपं आहे. पाणी उथळ आणि बेटांची गर्दी. खाडीचा पसारा १,५५३ चौरस किमी, म्हणजे पुणे महापालिकेच्या साधारण तिप्पट, आणि त्यात १,९६९ लहानमोठी बेटं. बाहेरच्या समुद्राची लाट आत येईपर्यंत थकून जाते.

लेकीला एक गोष्ट दाखवा. आपला सह्याद्री लाव्हाचा, काळा बेसॉल्ट. त्यात लेणी करायची तर माणसाला छिन्नी धरावी लागते. तिथला दगड चुनखडीचा. पावसाचं पाणी त्याला विरघळवतं, त्यामुळे गुहा पाणीच खोदतं. पूर्वी ही सगळी कोरडी जमीन होती, सुळक्यांचं रान. हिमयुग ओसरलं, समुद्र चढला, सुळक्यांचे पाय बुडाले आणि माथे बेटं म्हणून उरले. वहिनी, बेटांच्या बुडाशी खाच पाहिलीत का? भुंग्याने लाकूड पोखरावं तशी?

रानडे वहिनी ए-२०१, ९.५८
हो सर! प्रत्येक बेटाला कंबर कसल्यासारखी. ओहोटीला बोट जवळून गेली तर त्या खाचेत चिकटलेले कालव दिसत होते.

भोसले सर बी-२०२, १०.०१
तीच. भरती-ओहोटीत तीन-चार मीटरचा फरक पडतो तिथे. आणि आपल्या कोकणात भरती दिवसातून दोनदा, तिथे बहुतेक दिवस एकदाच. टोंकिनच्या आखाताची ती खासियत आहे.

कुलकर्णी साहेब, तुमच्या मेसेजबद्दल. मी हनोईत ती समाधी पाहिली आहे. दर्शनी भिंतीवर "अध्यक्ष हो ची मिन्ह" एवढंच आहे, मावळ्याचं काही नाही. महाराजांची थोरवी सांगायला असला खोटा शिलालेख लागत नाही.

कुलकर्णी काका ए-१०४, १०.०४
सर, मला आला तसा पुढे पाठवला. पण गनिमी कावा तर होताच ना त्यांच्याकडे?

भोसले सर बी-२०२, १०.१२
होता, स्वतःचा होता, आणि शिंदे मंडळी त्यावरूनच जाणार आहेत. हनोई-हायफाँग-हा लाँग महामार्गावर बाक डांग नदीचा मोठा पूल लागतो. त्या नदीत १२८८ साली त्रान हुंग दाओ या सेनापतीने कुबलाई खानाचं आरमार बुडवलं. नदीच्या पात्रात टोकदार लाकडी खुंट पुरून ठेवले. भरतीला खुंट पाण्याखाली. व्हिएतनामी लोक पळाल्यासारखं दाखवून मंगोल जहाजांना आत घेऊन आले, ओहोटी लागेपर्यंत झुंजवत ठेवलं, आणि पाणी उतरल्यावर जहाजं खुंटांवर अडकली. दिवसातून एकदाच येणाऱ्या त्याच भरतीचा हिशेब. हाच डाव ९३८ मध्येही त्याच नदीत एकदा खेळला गेला होता.

कुलकर्णी काका ए-१०४, १०.१४
हे फॉरवर्ड करतो 👍

देसाई सी-४०४, १०.१५
या वेळी पूर्ण वाचून करा काका 😄

पाटील ई-१०२, १०.१९
एवढ्या लांब कशाला, अलेप्पीची हाउसबोट करा की.

रानडे वहिनी ए-२०१, १०.२२
तीही केली आहे. तीपण संध्याकाळी साडेपाचला बांधूनच ठेवतात, मासेमारांची जाळी असतात म्हणून. आणि डासांचं तिकीट वेगळं नसतं एवढंच. 😅

शिंदे वहिनी बी-५०३, १०.२६
रानडे काकू, मला एकच विचारायचं होतं. जुलै २०२५ मध्ये तिथे बोट उलटली ना? पस्तीसहून जास्त माणसं गेली. लहान मूल घेऊन जायचं म्हणजे पोटात गोळा येतो.

रानडे वहिनी ए-२०१, १०.३४
येणारच. आम्ही बुकिंग केलं आणि तीच बातमी पुन्हा पुन्हा वाचत बसलो होतो. ती दिवसाची फेरी होती, आणि अचानक वादळ झालं. जून ते सप्टेंबर हा तिथला वादळांचा काळ, सप्टेंबर २०२४ च्या यागी वादळात तर धक्क्याला बांधलेल्या बोटीही बुडाल्या. नोव्हेंबरात हवा कोरडी, सकाळ-संध्याकाळ गार. तरी वाऱ्याचा इशारा आला तर बंदरवाले बोटी सोडत नाहीत. म्हणून बोटीचा दिवस परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नका, आधी ठेवा. रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख, हे एजंटकडून लिहून घ्या. लेकीच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते आजच विचारा. चढल्या चढल्या ते कपाटातून काढून घालून बघा, लाजू नका.

शिंदे बी-५०३, १०.३६
आणि आईचे गुडघे?

रानडे वहिनी ए-२०१, १०.४९
इथे नीट ऐका. दोन ठिकाणं सगळे दाखवतात. सुंग सोत गुहा, म्हणजे "अचंब्याची गुहा". फ्रेंचांना १९०१ मध्ये सापडली. आत आपल्या बालगंधर्वच्या सभागृहापेक्षा मोठी जागा आहे, पण आधी चढ, मग आत चढ-उतार, मग पुन्हा उतार, आणि पायऱ्या ओल्या. दुसरं टी टॉप बेट. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, तिथे वर जायला त्याच्या चौपट. सासूबाई खाली वाळूत बसल्या, आम्ही चढलो. लेकीला सांगा, हे नाव रशियन अंतराळवीर तितोव यांच्यावरून आहे. १९६२ मध्ये हो ची मिन्ह त्यांना इथे घेऊन आले आणि बेटाला त्यांचं नाव दिलं.

शिंदे काकूंनी दोन्ही सोडलं तरी काही बिघडत नाही. खरी अडचण मोठ्या बोटीतून छोट्या बोटीत उतरताना येते. मध्ये वीतभर फट असते आणि दोन्ही बोटी हलतात. खलाशी हात धरतात, पण काठी वरच ठेवायची, दोन्ही हात मोकळे हवेत.

खोली घेताना आमची एक चूक झाली ती तुम्ही करू नका. एजंटने "बाल्कनीवाली" म्हणून दिली, बाल्कनी होतीही, पण खोली सगळ्यात खालच्या मजल्यावर, जनरेटरच्या डोक्यावर. रात्रभर पलंग गुरगुरत होता. वरचा मजला, पुढची बाजू, असं लिहून मागा. आणि फोटोत केशरी शिडं, लाकडी तपकिरी बोट दिसेल, त्यावर जाऊ नका. २०१२ पासून तिथल्या पर्यटक बोटी पांढऱ्या रंगवायचा नियम झाला. शिडं फोटोपुरती.

देसाई सी-४०४, १०.५३
वहिनी, रात्री अगदी शांत वगैरे असतं का? खरं सांगा.

रानडे वहिनी ए-२०१, १०.५७
पूर्ण नाही. रात्री नांगर टाकायच्या जागा ठरलेल्या आहेत, त्यामुळे आमच्याभोवतीच दहा-बारा बोटी होत्या, दिवे लावून, लग्नाच्या हॉलसारख्या. शेजारच्या बोटीवर नऊपर्यंत कराओके. पाण्यात थर्माकोलचे तुकडेही दिसले. गर्दी कमी हवी असेल तर कात बा बेटाच्या बाजूची लान हा खाडी मागा, सुळके तसेच, बोटी कमी. कात बाही २०२३ पासून जागतिक वारशात आहे, हा लाँग तर १९९४ पासूनच. तिथे एक सोनेरी डोक्याचं वानर आहे, जगात शंभरही उरलेली नाहीत. दिसेलच असं नाही.

पण पहाटे पाच-साडेपाचला उठा. सगळ्या बोटी झोपलेल्या असतात. धुकं पाण्यावर हातभर उंच. एक बाई टोपलीएवढ्या होडीतून, पायाने वल्हं मारत आमच्या बोटीला लागून गेली. हाताने ती मासे निवडत होती. सवा सहाला गच्चीवर ताई ची असतं. ह्यांनी केलं, फोटो मागू नका.

सचिव सी-३०१, ११.०२
पाणी बंद केले आहे.

शिंदे वहिनी बी-५०३, ११.०५
काकू, आई-बाबा पूर्ण शाकाहारी आहेत. जेवणाचं कसं?

रानडे वहिनी ए-२०१, ११.१२
बुकिंगच्या वेळीच कळवा, आणि चढल्यावर पुन्हा सांगा. शब्द लक्षात ठेवा, "आन चाय". म्हणजे शाकाहार. ह्यांनी पहिल्या दिवशी हॉटेलात "चाय, चाय" म्हणून चहा मागितला तर टोफू आणून ठेवला. 😂 नुसतं "नो मीट" म्हणू नका, माशाचा सॉस तरीही घालतात, त्याला "न्युओक माम" म्हणतात. तो नको असं वेगळं सांगा. आम्हाला भात, परतलेल्या भाज्या, टोफू, फळं भरपूर मिळाली. तरी दशम्या न्या. पिण्याचं जास्तीचं पाणी आणि कोल्ड्रिंकचं बिल शेवटी येतं, दर आधी बघा.

मूळ पासपोर्ट बरोबर हवा, झेरॉक्स चालत नाही, चढताना नोंदीसाठी घेतात. मोठ्या बॅगा हनोईच्या हॉटेलात ठेवा, एक पिशवी पुरे.

आणि दोन लाख डाँगची एक कोरी नोट जपून ठेवा. घाबरू नका, आपले सातशेच्या आसपास होतात. तिच्या मागे हा लाँगचाच एक सुळका छापलाय, धूपदाणीच्या आकाराचा. सासूबाई नोट समोर धरून प्रत्येक सुळक्याशी ताडून बघत होत्या. तिसऱ्यांदा "हाच तो" म्हणाल्या तेव्हा खरंच तोच होता.

शिंदे बी-५०३, ११.१८
वहिनी, ठरलं. एक रात्र, लान हाकडची, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एजंटला आत्ताच मेसेज करतो. आईला तुम्हाला काही विचारायचंय, तिच्या फोनवरून लिहितेय.

शिंदे काकू बी-५०३, ११.२४
नमस्कार रानडे वहिनी. बोटीच्या दिवशी संकष्टी येते आहे. मी चंद्र बघितल्याशिवाय सोडत नाही. तिकडे चंद्रोदय किती वाजता धरायचा

भोसले सर बी-२०२, ११.३१
काकू, कालनिर्णयातली पुण्याची वेळ तिकडे चालणार नाही. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास, पण चंद्र त्याहून बराच आधी उगवतो. त्यामुळे त्यांच्या घड्याळात इथल्या आकड्यापेक्षा साधारण पाऊण तास आधीची वेळ धरा. इथे साडेआठ असेल तर तिथे पावणेआठ.

रानडे वहिनी ए-२०१, ११.३५
त्यात अर्धा तास मिळवा सर, समोर डोंगर आहे ना. सुळक्यामागून वर यायला वेळ लागतो. काकू, जेवण सातला वाढतात आणि आवरतातही लवकर. तुमचं ताट झाकून ठेवायला दुपारीच सांगा. मग गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून बसा. त्याच वेळी मागच्या बाजूला माकूळ पकडायला हिरवे दिवे लावतात, लेक तिथे रमेल.

शिंदे काकू बी-५०३, ११.३८
आणि ढग असले तर

रानडे वहिनी ए-२०१, ११.३९
पुण्यात ढग असले की काय करता? तेच.