समरी कोर्ट मार्शल शांततेच्या काळात हवेच कशाला?

कायद्याचा विद्यार्थी: लष्कराला स्वतंत्र न्यायालये असावीत, याविषयी माझे दुमत नाही; हुकूम मोडणे हा मुलकी जीवनात गुन्हाच नसतो, आणि तो कोणत्या परिस्थितीत मोडला गेला हे गणवेशातल्या माणसालाच नीट कळते. माझा आक्षेप समरी, म्हणजे झटपट निकालाच्या, कोर्ट मार्शलला आहे. जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात, कायदा सांगायला जज ॲडव्होकेट असतो आणि वरिष्ठांनी कायम केल्याखेरीज निकाल लागू होत नाही. समरीमध्ये पलटणीचा प्रमुख, म्हणजे कमांडिंग ऑफिसर (सीओ), हाच एकटा न्यायालय असतो, वर्षभराची कैद देऊ शकतो, आणि जवानाचा सल्लागार वकील असला तरी त्याला युक्तिवाद करता येत नाही. रणजित ठाकूर या जवानाने कोठडीत जेवायला नकार दिला, म्हणून त्याला बडतर्फी आणि एक वर्षाची सक्तमजुरी झाली. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याने तक्रार केली होती, तोच निवाड्याला बसला होता. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली.

माजी सुभेदार: एका खटल्यावरून सगळी पद्धत मोडीत काढू नका. बराकीत चोरी झाली आणि निकाल तारखांवर तारखा पडत लांबला, तर त्या पलटणीत कोण कोणावर विश्वास ठेवील? सीओ आपली माणसे ओळखतो, म्हणून पहिल्या चुकीला तो सांभाळूनही घेतो. शांततेच्या काळात देशात नागरिकाचा खून किंवा बलात्कार केलेला जवान मुलकी न्यायालयातच जातो. शिवाय कोर्ट मार्शलच्या निकालाविरुद्ध दाद मागायला २००९ पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचे खंडपीठ मुंबईतही आहे.

कायद्याचा विद्यार्थी: ओळख असणे इतके हिताचे असेल, तर समरी फक्त जवान आणि हवालदारापर्यंतच्यांनाच का? अधिकारी आणि तुमच्यासारखे जेसीओ (हवालदाराच्या वरचे, अधिकाऱ्यांच्या खालचे) त्यातून वगळलेले आहेत. न्यायाधिकरणाचे दारही समरीत बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून अधिक कैद झाली तरच उघडते. दोन महिने कैद भोगलेल्याने तिथे जायचेच नाही. ज्या ब्रिटनकडून आपण कोर्ट मार्शलची पद्धत घेतली, तिथे आज कोर्ट मार्शलवर मुलकी न्यायाधीश असतो.

माजी सुभेदार: वगळण्याचा मुद्दा मला नोकरीत असतानाही खटकत असे, हे मान्य करतो. छावणीत तीन अधिकाऱ्यांचे डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल बसवता येईल, तिथे समरी बंद करा. पण बर्फात अडकलेल्या चौकीसाठी तीन अधिकारी आणायचे कुठून, तेवढे सांगा.