अध्यक्ष म्हणजे राजा नव्हे, पण...

सांगलीतल्या चर्चेत परवा एक काका ठणकावून म्हणाले, "अमेरिकेचा अध्यक्ष म्हणजे राजाच, सही केली की विषय संपला." इतकं सोपं नाही हो काका! १९५२ साली, कोरियन युद्ध चालू असताना, संपाच्या धास्तीनं तेव्हाचे अध्यक्ष ट्रूमन यांनी पोलादाचे कारखाने ताब्यात घेतले. सुप्रीम कोर्टानं दोन महिन्यांच्या आत, ६ विरुद्ध ३ मतांनी, तो हुकूम मोडीत काढला. आयातशुल्क लावण्याचा अधिकारही मुळात काँग्रेसचा (म्हणजे तिथल्या संसदेचा, आपल्याकडच्या पक्षाचा नव्हे). तरी संकटकाळात अध्यक्षाला जादा आर्थिक अधिकार देणाऱ्या तिथल्या १९७७ च्या आणीबाणी कायद्यावर बोट ठेवून २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांच्या सहीनं भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लागलंच. सही आज होते, निकाल सवडीनं लागतो. तोवर सौदा झालेल्या मालाचा वाढीव भुर्दंड आपल्या व्यापाऱ्यानं सोसायचा की तिथल्या गिऱ्हाइकानं? पुढच्या बैठकीत यावर बोलूया.