मॅचआधी गुडघे टेकतो आणि त्याच मॅचमधे रेफरीशी खोटं बोलतो, पोराला काय सांगू?

घोरपडीकर_बाबा:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वेळ असेल तर वाचा. आम्ही मराठी ख्रिस्ती, घोरपडीत तिसरी पिढी. मुलगा एफवायला आहे, कॉलेजच्या टीममधे लेफ्ट बॅक खेळतो (आपला फुटबॉल, पायाचा). माझा भाचा साउथ कॅरोलायनात क्लेम्सनला एमएस करतोय, त्याच्यामुळे आमच्या घरात तिकडच्या कॉलेज फुटबॉलचं वेड शिरलं, ते हेल्मेटवालं. २०२५ च्या जानेवारीत ओहायो स्टेट आणि नोटर डेमची फायनल झाली, आपल्याकडे मंगळवारी सकाळी सहाला लागली होती, आम्ही दोघं चहा घेऊन टीव्हीसमोर. ओहायो स्टेट ३४-२३ ने जिंकलं. त्यांच्या खेळाडूंनी आदल्या ऑगस्टमधे कॅम्पसवर उघड्या मैदानात सभा घेतली होती, तिथे मुलांचे बाप्तिस्मे झाले, ते व्हिडिओ पोराने दहादहा वेळा बघितलेत. पण त्याला जास्त भावला तो हरलेल्या टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू, रायली लिओनार्ड. त्याच्या मनगटावरच्या पट्टीवर मत्तय २३:१२ असतं, जो स्वतःला उंच करील तो नमवला जाईल, ते वचन.

तेव्हापासून हा पण मनगटावर मार्करने वचन लिहितो आणि किकऑफच्या आधी गुडघे टेकतो. मला खरंच आनंद झाला होता. त्याच्या वयाची आमच्या देवळातली बरीच पोरं आता उपासनेला येत नाहीत, आपला येतो, उघडपणे देवाचं नाव घेतो, बापाला अजून काय पाहिजे.

तीन आठवड्यांपूर्वी मॅच होती. आमच्याच बॉक्समधे बॉल याच्या हाताला लागला. मी टचलाइनला दहा फुटांवर उभा, स्वच्छ दिसलं. रेफरीच्या मधे कोणीतरी आडवं आलं असावं, त्याने जवळ येऊन सरळ विचारलं, हाताला लागला का रे. हा छातीवर हात आपटून म्हणाला, सर छातीला. पेनल्टी नाही, १-० ने आम्ही जिंकलो. शिट्टी झाल्यावर हा मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून बसला, मित्राने फोटो काढला, रात्री तो इन्स्टावर, खाली फिलिप्पैकरांस ४:१३, मला जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो, ते वचन. त्या फोटोत मागे समोरच्या टीमचा एक पोरगा डोक्याला हात लावून जमिनीवर बसलेला दिसतो. मी तो फोटो किती वेळा बघितला असेल.

घरी विचारलं तर म्हणाला, बाबा, बघायचं काम रेफरीचं, सगळेच करतात. मी गप्प बसलो आणि अजून गप्पच आहे. प्रार्थना बंद कर म्हणालो आणि त्याने ती कायमचीच बंद केली तर? काहीच नाही बोललो तर तो हेच धरून चालेल की गुडघे टेकले की झालं. तिकडचं जवळून बघितलेलं कोणी असेल तर सांगा, कारण पोरगा प्रत्येक गोष्टीत उदाहरण तिकडचंच देतो.

बाणेर_परत:
दादा, मी अकरा वर्षं ऑस्टिनला होतो, तिथून दीड तासावर वेको, तिथे बेलर युनिव्हर्सिटी, बाप्टिस्ट लोकांची. आमच्या ऑफिसमधे अर्धे लोक बेलरचे फॅन. कोच आर्ट ब्राइल्सच्या काळात टीम एकदम वर आली, सगळीकडे देवाच्या आशीर्वादाची भाषा. आणि मग कळलं की मुली लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी घेऊन येत होत्या, त्यातल्या काही फुटबॉल खेळाडूंविरुद्ध, आणि युनिव्हर्सिटीने आणि फुटबॉलच्या माणसांनी त्या नीट हाताळल्याच नाहीत. बाहेरच्या वकिलांच्या चौकशीनंतर २०१६ च्या मे महिन्यात ब्राइल्सना काढलं, प्रेसिडेंट केन स्टार यांचं पद गेलं, खेळ विभागाचे प्रमुख इयन मकॉ यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमधे मकॉ यांना लिबर्टी युनिव्हर्सिटीने त्याच पदावर घेतलं, तीही ख्रिस्ती युनिव्हर्सिटी. दोन वर्षांनी लिबर्टीने ह्यू फ्रीझना कोच केलं. हे फ्रीझ मिसिसिपीत कोच असताना ट्विटरवर बायबलची वचनं टाकायचे आणि २०१७ मधे युनिव्हर्सिटीच्या फोनवरून एस्कॉर्ट सर्व्हिसच्या नंबरला फोन गेल्याचं निघालं म्हणून त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे २०२४ मधे कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती कायद्याप्रमाणे न दिल्याबद्दल आणि पीडितांना नीट आधार न दिल्याबद्दल याच लिबर्टीला सरकारने १.४ कोटी डॉलर दंड केला.

ऑफिसमधली एक बेलरची माजी विद्यार्थिनी होती, रोज जेवायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करणारी. हे बाहेर आलं तेव्हा ती आठवडाभर कोणाशी बोलली नाही. मला तेव्हा कळलं की यात सगळ्यात जास्त कोण दुखावतं, तर ज्याची श्रद्धा खरी आहे तो. माफी मिळते, पुन्हा संधी मिळते हे तुमच्या धर्मात आहेच, ते मला मान्य आहे, पण ती संधी दर वेळी मॅच जिंकून देणाऱ्या माणसालाच मिळते आणि तक्रार घेऊन आलेल्या मुलीचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही, याचा मला अजून राग आहे.

तुमच्या भाच्याच्या क्लेम्सनचंही सांगतो. डाबो स्विनी कोच, श्रद्धा मनापासून असेल, मी शंका घेत नाही. २०१२ मधे त्यांच्या एका खेळाडूचा बाप्तिस्मा प्रॅक्टिसच्या मैदानावर झाला. २०१४ मधे तक्रार झाली की ही सरकारी युनिव्हर्सिटी आहे, इथे कोच खेळाडूंना असं धर्माकडे ओढू शकत नाही. त्याच सुमारास स्विनी म्हणत होते की कॉलेजच्या खेळाचा धंदा होऊ नये, पोरांना पगार नको. आणि २०१९ मधे त्यांचा स्वतःचा करार झाला दहा वर्षांचा, ९ कोटी ३० लाख डॉलरचा! खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची परवानगी मिळाली १ जुलै २०२१ पासून, तोवर जर्सी विकल्या जायच्या आणि पोराच्या हातात शिष्यवृत्ती सोडून काही नाही. तर पोराला सांगा, तिकडचं बघायचं तर मनगटाच्या पट्टीबरोबर हेही बघ.

देहूची_लेक:
काका मी ख्रिस्ती नाही, फुटबॉलमधलं कळत पण नाही, पण वाचून राहवलं नाही. आमच्या घरात माळकरी. आजोबा मार्केट यार्डात आडत्याकडे काट्यावर होते, मापाडी. गळ्यात तुळशीची माळ. शेतकरी त्यांच्याच काट्यावर माल घालायला थांबायचे, आणि वजनावरून कधी वाद झालाच तर सरळ म्हणायचे, माळ घातलीय ना तुम्ही, मग सांगा किती भरलं. आजोबांना ते बोलणं लागायचं पण ते म्हणायचे की त्यांना तेवढा हक्क आहे, माळ मी दिसेल अशी घातलीय. एकदा मालकाशी त्यावरून भांडून पंधरा दिवस घरी बसले होते, आजीने दागिना गहाण टाकला. माळ काढून ठेवली असती तर कोणी काही बोललं नसतं पण ते त्यांच्या मनातही आलं नसेल. तुमच्या मुलाने मनगटावर लिहिलंय ते रेफरीने वाचून विचारलं असतं, लिहिलंयस ना, मग सांग, तर तो काय म्हणाला असता? मी त्याला एवढंच विचारलं असतं.

तरुणसंघ_कॅम्प:
जय ख्रिस्त काका. मी चोवीसचा आहे, आमच्या तरुण संघाची पोरं दर रविवारी खेळतो, मी पण गुडघे टेकतो, म्हणून माझी बाजू ऐका. सगळे लगेच मत्तय सहा काढतात, ढोंग्यांसारखं चौकात उभं राहून प्रार्थना करू नका, खोलीत जा, दार लावा. बरोबर आहे. पण त्याच्या आधीच्याच अध्यायात प्रभू म्हणतो तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. क्वार्टरबॅक टिम टीबोने ८ जानेवारी २००९ ला फ्लोरिडाकडून फायनलमधे, खेळाडू डोळ्यांखाली काळा रंग लावतात त्यावर योहान ३:१६ लिहिलं होतं आणि गुगलवर ते सगळ्यात जास्त शोधलं गेलं, कितीतरी लोकांनी ते वचन पहिल्यांदा वाचलं असेल. पुढच्या वर्षी डोळ्यांखाली काहीही लिहायला बंदीच आली.

आणि बाणेरवाले दादा, तुम्ही जे सांगितलं ते कोच आणि युनिव्हर्सिटीचं. कोचच्या हातात खेळवणं न खेळवणं असतं. वॉशिंग्टन राज्यात एका शाळेचा कोच मॅचनंतर मैदानाच्या मधोमध प्रार्थना करायचा, केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, २०२२ मधे सहा विरुद्ध तीन असा त्याच्या बाजूने निकाल लागला. पण एका पालकाने सांगितलं होतं की माझा मुलगा देव मानत नाही तरी गुडघे टेकतो, नाहीतर खेळायला मिळणार नाही अशी त्याला भीती. तिथे मला पण कोचचं चूक वाटतं. काकांच्या मुलाच्या हातात कोणाची टीम आहे? तो एकटा गुडघे टेकतो. साउथ कॅरोलायनात गुडघे टेकले की सगळं स्टेडियम तुमच्याच धर्माचं, लोक कौतुक करतात. पुण्यात एसएसपीएमएसच्या मैदानावर टेकले की काही जण हसतात, काही जण विचारतात हे काय नवीन, मला स्वतःला एकदा बाजूला घेऊन विचारलं गेलंय. तरीही जो करतो त्याच्यात काहीतरी आहे. प्लीज ते मोडू नका. खोटं बोलला ते मात्र चूकच, त्यात माझं दुमत नाही, आणि मी स्वतः थ्रो-इन आमचा नसताना आमचा म्हणून कितीदा ओरडलोय ते हे वाचताना आठवलं.

शिट्टीवाला_खडकी:
मी बावीस वर्षं पुण्यात मॅचेस घेतोय. मुलाला ओरडू नका, त्याला एक गोष्ट सांगा, तिकडचीच आहे.

त्यांच्या खेळात दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात, चार झाले की बॉल समोरच्याकडे. ६ ऑक्टोबर १९९० ला कोलोराडो आणि मिसुरीची मॅच होती. शेवटच्या मिनिटात पंच डाउन मोजायला चुकले आणि कोलोराडोला पाचवा मिळाला. त्या पाचव्यावर शेवटच्या क्षणी टचडाउन, म्हणजे आपल्या गोलसारखं, कोलोराडो ३३-३१ ने जिंकलं. नियमाने ती मॅच मिसुरीची. कोलोराडोचे कोच बिल मॅकार्टनी, उघडपणे ख्रिस्ती माणूस, त्याच वर्षी त्यांनी पुरुषांसाठी एक ख्रिस्ती संस्था सुरू केली, प्रॉमिस कीपर्स, म्हणजे वचन पाळणारे. लोकांनी विचारलं मॅच सोडून देणार का, ते म्हणाले मैदान निसरडं होतं, खेळण्यासारखं नव्हतं, नाही सोडणार. त्या सीझनला कोलोराडो राष्ट्रीय विजेते ठरले, जॉर्जिया टेकबरोबर विभागून. मॅकार्टनी २०२५ मधे गेले. १९९८ मधे त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की त्या मॅचचा मला मनापासून पश्चात्ताप होतो. आठ वर्षं लागली माणसाला.

त्याच्या पन्नास वर्षं आधी, १९४० च्या नोव्हेंबरमधे कॉर्नेल आणि डार्टमथ. हुबेहूब तेच, पंच चुकले, कॉर्नेलने पाचव्या डाउनवर स्कोअर केला आणि ७-३ ने जिंकले. ते अठरा मॅच हरले नव्हते. नंतर त्यांनी फिल्म बघितली, चूक दिसली आणि डार्टमथला तार केली की मॅच तुमची. आजही रेकॉर्डला डार्टमथ ३-० असंच आहे.

आता रेफरी म्हणून सांगतो. खेळाडूला विचारायची वेळ आमच्यावर फार क्वचित येते, आणि विचारतो तेव्हा समोरच्याचं तोंड बघून विचारतो. ज्या पोराला मी मॅचआधी प्रार्थना करताना बघितलंय त्याचं मी पटकन खरं धरतो, सगळेच रेफरी धरत असतील असं नाही पण मी धरतो. तुमच्या मुलाला हे माहीत नसेल. त्या रेफरीने कदाचित तेच केलं असेल.

घोरपडीकर_बाबा:
सगळ्यांचे आभार, मनापासून. ताई, तुमच्या आजोबांचं मी मिसेसना मोठ्याने वाचून दाखवलं, ती रडली.

काल रात्री पोराला पाचव्या डाउनचं सांगितलं, बाकी काही बोललो नाही, हँडबॉलचं नावसुद्धा काढलं नाही. त्याने विचारलं मॅकार्टनींनी १९९८ मधे सांगितलं तेव्हा मिसुरीला मॅच परत मिळाली का. म्हटलं नाही. मग विचारलं, मग सांगून उपयोग काय झाला. मला उत्तर सुचलं नाही, मी म्हटलं मला माहीत नाही रे, पण ते आठ वर्षं घेऊन फिरत होते एवढं दिसतं. तो गाडी घेऊन बाहेर गेला, अकरा वाजता आला. इन्स्टावरचा फोटो आज सकाळी नाहीये. मगाशी म्हणाला त्या टीमच्या कॅप्टनचा नंबर मिळेल का आणि रेफरींना पण भेटायचंय. खडकीवाले दादा, आता तीन आठवड्यांनी सांगितलं तर निकालाचं काही होतं का? आणि त्याच्यावर कारवाई होईल का, त्याची आई घाबरलीय.

शिट्टीवाला_खडकी:
निकाल बदलत नाही, रेफरीने मैदानावर दिलेला निर्णय तसाच राहतो. स्वतःहून सांगणाऱ्या पोरावर कारवाई झालेली मी तरी बघितलेली नाही, वहिनींना सांगा. मॅच कुठल्या तारखेची ते मेसेज करा, रेफरी कोण होता ते मी शोधतो. समोरच्या कॅप्टनला फोन नको, त्यांच्या प्रॅक्टिसला जाऊन भेटू दे. एकटा जाऊ शकत असेल तर एकटा, नाहीतर मी येतो बरोबर.